भुर्जी मऊ का राहत नाही?

 

आजचा विषय वाचून दोघं-तिघं हसले, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर आणि अंड्याची भुर्जी! हसायला हरकत नाही. पण रोज हाताखालून जाणाऱ्या आणि 'हे असंच का' असं कधीच न विचारलेल्या गोष्टींइतकं चांगलं खाद्य तत्त्वज्ञानाला दुसरं मिळत नाही. आणि आजचा प्रश्न खरा आहे. घरोघरी होणारी भुर्जी कोरडी का होते? रव्यासारखी मोकळी, दाताखाली रबरासारखी, घशाशी अडकणारी. ज्यांना अंड्याची गरज सगळ्यात जास्त, ती दात गेलेली म्हातारी माणसं, दोन-तीन वर्षांची लेकरं, तापातून उठलेला माणूस, नेमकी तीच ताट बाजूला सारतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. उतारवयात स्नायू झिजतात तेव्हा ही प्रथिनं हवीच असतात. पण कोरडी भुर्जी समोर आली की म्हातारा दोन घास खातो, वर पाणी पितो आणि 'पुरे' म्हणतो. घरच्यांना वाटतं, भूक नाही. आम्ही सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा यातलं काही आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही.

घरात मऊ भुर्जी करा म्हटलं की लगेच उत्तर येतं, 'सर, कच्ची राहील ना जी!' आजचं सगळं व्याख्यान या एका उत्तराशी आहे. मऊ आणि कच्चं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एक मानतो, म्हणून कच्चेपणाच्या भीतीने मऊपणाही घालवून बसतो.

आता अंड्यात काय घडतं ते बघू. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि दहाएक टक्के प्रथिनं. पिवळ्या बलकात निम्मं पाणी, उरलेल्यात स्निग्धांश जास्त, प्रथिनं त्याहून कमी. म्हणजे अंडं मुळात पाणीच आहे, प्रथिनांनी धरून ठेवलेलं. कच्च्या अंड्यात प्रथिनांचे धागे आपापली गुंडाळी करून सुटे सुटे तरंगत असतात. उष्णता लागली की गुंडाळी उलगडते आणि उलगडलेला धागा शेजारच्यात गुंततो. असं जाळं तयार होतं, पाणी जाळ्याच्या घरांत अडकून बसतं, आणि आपण म्हणतो अंडं शिजलं. पांढरा भाग साठीच्या पुढे, ६२-६३ अंश सेल्सिअसला घट्ट व्हायला लागतो. पिवळा ६५ ते ७० च्या दरम्यान. दोन्ही एकत्र फेटलेले असतील तर ते मिश्रण साधारण ७३ अंशांना धरतं. इथपर्यंत सगळं मऊ. पण आच चालूच राहिली तर जाळं आवळत जातं. ओला पंचा पिळावा तसं त्यातलं पाणी बाहेर पडतं. कढईत भुर्जीच्या कडेने जे पाणी सुटलेलं दिसतं, ते बहुतेक वेळा या पिळण्याचं असतं. आणि आपण काय करतो? 'पाणी सुटलं, अजून आटवा.' म्हणजे पंचा आणखी पिळतो.

मग सुरक्षित किती? अमेरिकेच्या कृषी खात्याने अंड्याच्या पदार्थांसाठी घालून दिलेली मर्यादा १६० फॅरेनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस आहे. साल्मोनेला नावाचा जो जंतू अंड्यातून पोटात जातो, त्याच्यासाठी ही मर्यादा. आता दोन आकडे शेजारी ठेवा. ७१ ला अंडं सुरक्षित होतं, ७३ च्या आसपास ते धरतं. म्हणजे कढईत वाहतं पातळ अंडं कुठेही उरलं नाही, सगळं नुकतंच धरलं, तेव्हाच ते सुरक्षित झालेलं आहे आणि त्याच क्षणी ते सगळ्यात मऊही आहे. त्यापुढची पाच मिनिटं आपण सुरक्षिततेसाठी भाजत नसतो, सवयीने भाजत असतो.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं बोलू द्या. आपल्या दर्शनांत 'पाक' या शब्दावर मोठा वाद झाला आहे. पाक म्हणजे तेजाचा संयोग, आणि त्याने वस्तूचे गुण बदलणं. उदाहरण घड्याचं. कच्चा घडा काळपट असतो, आव्यात भाजला की लाल होतो. बदललं नेमकं काय? वैशेषिक म्हणाले, आगीने घडा परमाणूंपर्यंत विखुरतो, प्रत्येक परमाणू लाल होतो आणि मग पुन्हा जुळून नवा घडा बनतो. हा पीलुपाक, पीलु म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणाले, छे, घडा आहे तसाच राहतो, त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून तेज आत शिरतं आणि अख्खा घडाच लाल होतो. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं. त्यांनी घड्याऐवजी अंडं घेतलं असतं तर दोघांचंही थोडं थोडं जुळलं असतं. प्रथिनाचा धागा तुटून सुटा होत नाही, पण तो होता तसाही राहत नाही. घडी मोडते आणि नवी वीण पडते. ती वीण मागे फिरत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी स्वयंपाकाला पुरे. कोरडी झालेली भुर्जी वरून दूध-पाणी शिंपडून ओली होईल, मऊ होणार नाही.

आपल्याकडे भुर्जी कोरडी होण्याची कारणं मात्र नुसती आचेची नाहीत. एक कारण भांडं आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्या कितीतरी घरांत अंड्याचं भांडं वेगळं असतं. ते देवघराच्या बाजूच्या ओट्यावर चढत नाही. अंगणात, मागच्या पडवीत, स्टोव्हवर किंवा तीन दगडांच्या चुलीवर अंडं होतं. त्या प्रथेचं बरं-वाईट आज राहू द्या, पण तिचा एक परिणाम बघा. वेगळं ठेवायला आपण कोणतं भांडं काढून देतो? घरातलं सगळ्यात टाकाऊ. जर्मनची पातळ, बूड पोचलेली कढई. जर्मन, म्हणजे ऍल्युमिनियम, उष्णता झटकन पुढे देतं, आणि पातळ बुडाला ती पसरवून धरता येत नाही. ज्वाळेच्या वर जागच्या जागी जळतं, कडेला कच्चं राहतं. मग कडेचं शिजावं म्हणून मधलं आणखी भाजतो. जाड बुडाचा लोखंडी तवा किंवा खोलगट कढई अंड्यासाठी काढून द्या. बाकी काहीही बदललं नाही तरी निम्मा फरक तिथेच पडेल.

दुसरं कारण वास. 'अंड्याचा वास मारला पाहिजे' म्हणून मसाला, हळद, आणि खरपूस होईपर्यंत परतणं. गंमत अशी की वास वाढतो तो जास्त शिजवल्यानेच. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांत गंधक असतं. तापमान चढतं आणि वेळ लांबतो तसा त्याचा वायू सुटतो. फार उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसते, ती याच गंधकाची आणि बलकातल्या लोहाची. वास मारायला निघालेला माणूस वास तयार करून बसतो.

तिसरं कारण हिशेबाचं आहे. उकडलेलं अंडं मोजता येतं, भुर्जी मोजता येत नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा वेगळा निधी थांबवला. त्या वादात आम्ही आत्ता शिरत नाही. पण शाळेला उकडलेलं अंडं सोयीचं पडतं ते का, हे कळतं ना? एका लेकराला एक, संपला प्रश्न. घरात तीन अंडी आणि खाणारे सहा असले की भुर्जी होते. कांदा, टमाटर, कधी कालचा उकडलेला आलू, हे चवीइतकंच भागाकारासाठी असतं. यात गरिबीची लाज नाही, ही गृहिणीची अक्कल आहे. गावरानी कोंबडीचं गणित तर आणखी कडक. फार्मची कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते, गावरानी साठ-सत्तर. त्यातलं प्रत्येक खाल्लेलं अंडं म्हणजे न बसवलेलं एक पिल्लू. अशा घरात अंडं वाया जाता कामा नये, आणि घशाखाली न उतरलेलं अंडं वायाच गेलं. पण भाजी जेवढी जास्त तेवढं पाणी जास्त, हे या भागाकारात विसरलं जातं. टमाटराच्या रश्श्यात अंडी फोडली की ती धरत नाहीत, भाजी आटेपर्यंत शिजत बसतात, आणि रस्सा आटतो तोवर पंचा पुरता पिळला गेलेला असतो.

आता करायचं कसं? एकच 'खरी' रीत सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ च्या एका छोट्या लेखात दाखवून दिलं की 'चांगला' हा शब्द एकटा उभा राहत नाही, तो पुढच्या नामाला टेकून राहतो. चांगली विळी आणि चांगली उशी यांच्यात समान असा कुठलाच 'चांगलेपणा' सापडत नाही. तसंच पावात भरायची चांगली भुर्जी, भातावर घ्यायची चांगली भुर्जी आणि आजीला भरवायची चांगली भुर्जी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली आपली नेहमीची. चार अंडी, दोन मध्यम कांदे, दोन हिरव्या मिरच्या, थोडं आलं-लसूण, पाव चमचा हळद, मूठभर सांबार. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांनी सांबार म्हणजे कोथिंबीर समजावं, नाहीतर भुर्जीवर इडलीचं सांबार ओतून आम्हाला दोष द्याल. अंडं थेट कढईत फोडू नका. एकेक वाटीत फोडा, वास घ्या, मग मोठ्या भांड्यात. फ्रीज नसलेल्या घरात हे फार महत्त्वाचं. शंका असली तर आधी अख्खं अंडं पाण्यात सोडून बघा. ताजं तळाला आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्या. मग चारही अंड्यांत मीठ घालून पांढऱ्याचे धागे दिसेनासे होईपर्यंत फेटा आणि दहा-पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. मीठ शेवटी घालायची आपली सवय, पण आधी घातलेल्या मिठाने प्रथिनं एकमेकांना तितकी घट्ट आवळत नाहीत, अंडं मऊ राहतं. तेवढ्या वेळात कांदा तेलात परता, मिरची, आलं-लसूण, हळद. टमाटर घालायचाच तर बिया आणि रस काढून अर्धाच, आणि तेल सुटेपर्यंत आटवून. मसाला पूर्ण झाला, कढईत पाण्याचा टिपूस नाही, आता आच कमी करा आणि अंडं ओता. वीसएक सेकंद हात लावू नका. मग सराट्याने तळापासून खरवडून वळवा, थांबा, पुन्हा वळवा. सतत ढवळलं की बारीक कण होतात, थांबून वळवलं की मोठे मऊ गोळे. वाहतं अंडं दिसेनासं झालं आणि वर अजून ओलसर चकाकी आहे, तेव्हा उतरवा. आणि कढईतच ठेवू नका. जाड कढई उतरवल्यावरही शिजवत राहते. ताटलीत काढा.

भातावर घ्यायची असेल, आणि आपल्या या धानाच्या मुलखात ती भातावरच जास्त घेतली जाते, तर टमाटर भरपूर हवा, कोरडी भुर्जी भातात हरवते. इथे चिनी घरांतली युक्ती उचलावी. टमाटर-अंडं हा तिकडे अगदी रोजचा, घरगुती पदार्थ. ते लोक आधी तापलेल्या तेलात अंडं अर्धवट धरवून काढून ठेवतात. मग त्याच कढईत टमाटर शिजवून दाट रस करतात. शेवटी अंडं परत घालून अर्धा-एक मिनिट फिरवतात, तेवढ्यात ते पूर्ण धरतं. टमाटराला लागणारा वेळ आणि अंड्याला लागणारा वेळ वेगवेगळे झाले, बस, एवढंच. आपण मात्र दोघांना एकाच वेळी एकाच कढईत कोंडतो. थंडीच्या दिवसांत टमाटर स्वस्त झाला की हे जरूर करून बघा, वर हिरवी मिरची आणि सांबार आपलाच.

पारशांची अकुरी ही खरं तर भुर्जीची सख्खी बहीण. सामान जवळजवळ तेच, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद. पण ती मंद आचेवर होते आणि ओली असतानाच उतरवतात, पावाच्या भाजलेल्या तुकड्याबरोबर खायला. भरुची अकुरीत तर काजू, बदाम, बेदाणेही पडतात. पारशी मंडळींनी अंड्याचं जेवढं लाड-कौतुक केलं तेवढं आपल्याकडे कुणी केलं नाही. भेंडी असो, आलू असो, कुठल्याही भाजीवर ते अंडं फोडून ठेवतात आणि त्याला स्वतंत्र पदार्थाचा मान देतात. अकुरी चाखलेला माणूस भुर्जीला 'कच्ची' म्हणताना एकदा तरी थबकतो. मात्र लेकरं, गरोदर बाई, म्हातारी माणसं यांच्यासाठी अकुरीही वाहतं अंडं दिसेनासं होईपर्यंत ठेवावी.

आणि शेवटची, आमच्या मते सगळ्यात कमी केली जाणारी आणि सगळ्यात जास्त करायला हवी अशी. गंजात दोन-तीन बोटं पाणी उकळत ठेवा. त्यावर बसेल असं दुसरं भांडं ठेवा, त्याचं बूड पाण्याला टेकू देऊ नका. त्यात चमचाभर लोणी किंवा तूप, फेटलेली अंडी, मीठ. सावकाश ढवळत राहा. दहा मिनिटं काहीच होत नाही, मग एकाएकी दाट व्हायला लागतं, खिरीसारखं. जुन्या फ्रेंच स्वयंपाकघरांची ही रीत आहे. एस्कोफिए या नामवंत आचाऱ्याने १९०३ च्या आपल्या ग्रंथात अंड्याच्या प्रकारांमध्ये याच प्रकाराला सगळ्यात वरचं स्थान दिलं, अट एकच, जास्त शिजता कामा नये. यात कारण सोपं आहे. खालची वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही. तापलेल्या तेलाच्या कढईत चुकायला पाच सेकंद पुरतात, इथे चुकायला दोन-तीन मिनिटं मिळतात. हात थरथरणाऱ्या माणसालाही जमेल अशी ही रीत आहे. दात नसलेल्याला चमच्याने भरवा, नरम भातात कालवा. चूल असेल तर लाकडं मागे ओढून नुसत्या निखाऱ्यांवर जाड भांडं ठेवूनही हेच साधतं. गॅसच्या बटणापेक्षा निखारे या कामाला आम्हाला जास्त गुणी वाटतात.

एक सावधगिरी. आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. संस्कृतात तोच स्थालीपुलाक न्याय, एक शीत दाबून बघितलं की हंडीतला सगळा भात कळतो. तो न्याय भाताला लागू पडतो कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेत असतात. भुर्जीत मधला गोळा एका आचेवर, कडेचा दुसऱ्या, वरचा तिसऱ्या. एक गोळा चाखून 'झाली' म्हणू नका. कढई तिरपी करा. कुठूनही पातळ अंडं ओघळलं तर अजून थोडा वेळ आहे, नाही ओघळलं तर उतरवा. एवढीच परीक्षा.

आता प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेतल्या ताई, बोला.

'सर, दूध टाकावं का नाही जी? आमच्याकडे नेहमी टाकतात.'

टाकायला हरकत नाही, पण का टाकतो ते कळलं पाहिजे. दुधाचं पाणी प्रथिनांना एकमेकांपासून लांब ठेवतं, म्हणून मिश्रण थोड्या चढ्या आचेवर धरतं आणि चुकायला जागा मिळते. चार अंड्यांना दोन चमचे दूध ठीक. अर्धी वाटी ओतलंत तर जाळ्याला तेवढं पाणी धरवत नाही, ते ताटलीत सुटतं आणि चवही फिकी पडते. साय असेल तर दुधापेक्षा साय बरी.

'आणि गावरानी अंड्याला वेगळं काही करावं लागते का?'

गावरानी अंडं लहान असतं, फार्मची तीन तिथे गावरानी चार घ्या. त्यात पिवळ्याचा वाटा जरा जास्त पडतो, म्हणून ते जात्याच मऊ होतं, लोणी-तूप कमी लागतं. मीठही हात राखून. आणि आणल्या आणल्या धुवून ठेवू नका. टरफलावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला गेला की बारीक छिद्रं उघडी पडतात आणि बाहेरचा जंतू आत जायला वाट होते. घाण लागलेली असेल तर फोडायच्या आधी धुवा, हात धुवा, मग फोडा.

पुढे? तुम्ही, चष्मेवाले. बोला, मोठ्याने बोला, रेकॉर्डिंग सुरू आहे.

'आईला डॉक्टरनं अंडं सांगितलं, ती उकडलेलं खात नाही. ती वाफेवरची सकाळी करून ठेवली तर दुपारी चालेल का?'

नाही. उन्हाळ्यात तर मुळीच नाही. शिजलेलं अंडं बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आपल्याकडच्या मे महिन्यात तासाच्या वर नाही. आणि पुन्हा गरम केलं की पुन्हा पिळलं जाणार, मग आई पुन्हा नाही म्हणणार. दोन अंड्यांना पंधरा मिनिटं लागतात. ती जेवायला बसायच्या आधी पाणी चढवा.